सरांना कोण विचारणार

अप्पांना दारू सोडवायच्या केंद्रात न्यायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या लेकीने मुद्दाम लांबचं केंद्र निवडलं. जवळचं केंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. पण गावात अप्पांना ‘सर’ न म्हणणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. उभी हयात शाळेत गेलेली, शेवटी मुख्याध्यापक. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं आणि उरलेलं अर्धं त्यांच्या नुसत्या दराऱ्याखालून.

त्या आदरानेच सगळा घात चालवला होता. दारूच्या दुकानाचा मालक त्यांचा जुना विद्यार्थी. सरांनी गिऱ्हाइकांत उभं राहावं हे त्याला बघवेना, म्हणून तो बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून घरपोच करायचा. टॅक्सीवाला जुना विद्यार्थी. सर रस्त्यात कुठे अडखळताना दिसले की तो त्यांना अलगद गाडीत बसवून घरी आणायचा आणि वर तिलाच सांगायचा, “ताई, सरांना जरा चक्कर आली होती.” गावाने एकमताने कारणही ठरवून टाकलं होतं: बायको गेली आणि सर खचले. अप्पांनी ते कधी नाकारलं नाही.

ती ग्रंथालयात काम करायची. संध्याकाळी घरी आली की पर्सही न ठेवता कपाटं उघडायची, गादीखाली हात घालायची, गिझरच्या मागे बघायची.

“आल्या इन्स्पेक्टर बाई,” अप्पा खुर्चीतून म्हणायचे. “होऊ द्या तपासणी. शेरा तेवढा बरा लिहा.”

तर त्या लांबच्या केंद्रात ती दोघं जाऊन पोचली. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायका सांगत होत्या, इथला समुपदेशक दगडालाही बोलतं करतो, आडपडदा ठेवत नाही, तोंडावर विचारतो. तिला हायसं वाटलं. मग दार उघडलं. कानशिलांवर केस पिकलेला एक धिप्पाड माणूस इतक्या झटक्याने उठला की त्याची खुर्ची मागे पडली.

“सर!”

अप्पांनी डोळे बारीक केले. “अरे! मागच्या बाकावरचा ढापण्या ना तू?”

“हो सर,” म्हणत त्याने चष्मा काढला आणि पुसला. डोळेही पुसले.

अप्पांचा चेहरा उजळला. पडलेली खुर्ची तिनेच उचलून सरळ केली.

तो खुर्चीच्या कडेवर बसला, शाळेत बोलावून घेतलेल्या पालकासारखा. बराच वेळ टेबलावरची पेनं सारखी करत राहिला. शेवटी म्हणाला, “सर, म्हणजे... आपण कधी... घेता का?”

“आता कुठला घेतोय! निवृत्त झाल्यापासून एक तास घेतला नाही बघ.”

दोघंही खळखळून हसले. त्या हसण्यातून तो जो सुटला तो सुटलाच.

“झोप लागते ना सर?”

“लागते की.”

“जेवण?”

“इन्स्पेक्टर बाई दरडावून वाढतात, न जेवून सांगतो कोणाला?”

पुढे अप्पांनीच विचारायला सुरुवात केली. आईचे डोळे कसे आहेत, पोरं काय शिकतात, तू अजून नखं खातोस का. त्याने प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. परक्याला वाटलं असतं, उपचार त्याच्यावरच चाललेत.

अप्पा बाहेर जाऊन बसल्यावर ती मागे थांबली.

“तुम्ही विचारलंच नाही.”

“जीभ रेटत नाही हो ताई. माझे वडील गेले तेव्हा शाळा सुटलीच होती माझी. सर घरी आले, आईशी बोलले, मला हाताला धरून वर्गात नेऊन बसवलं. त्यांना मी विचारू, सकाळी उठल्या उठल्या लागते का म्हणून?”

“इतरांना विचारता ना?”

“ते इतर आहेत.”

“मग अप्पांनाही इतरच समजा. नाहीतर दुसऱ्या कोणाकडे सोपवा.”

केंद्रात एक वयस्क मॅडम होत्या. पण अप्पांनी घरी येताना गाडीतच निक्षून सांगितलं, “बोलायचं तर माझ्या पोराशी बोलेन. परक्या बाईपुढे मला उघडं पाडू नकोस.” मॅडमचं नाव काढलं तर येणंच बंद करतील, हे तिला कळत होतं. समुपदेशकाने फोनवर शब्द दिला, “थोडा जम बसू द्या ताई. विचारतो. नक्की विचारतो.”

दर आठवड्याला ती अप्पांना घेऊन जायची आणि बाहेरच्या बाकावर बसायची. बंद दारातून हसण्याचे आवाज यायचे. रोजची किती आणि कधीपासूनची, हे कळल्याशिवाय तिथला डॉक्टर औषध सुरू करायला तयार नव्हता. एकाएकी सोडली तर या वयात जिवावर बेतायची. आणि अप्पांनी स्वतःच्या तोंडाने हो म्हटल्याशिवाय त्यांना दाखल करून घेता येत नव्हतं. सगळं गाडं त्या एका प्रश्नापाशी अडलं होतं. तिने घरी विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं की अप्पा पेपर वर उचलायचे आणि तोंड झाकायचे. पेपर थरथरायचा.

“आज विचारलं?” ती निघताना समुपदेशकाला हळूच म्हणायची.

“आज सर फार खुशीत होते,” तो म्हणायचा. “पुढच्या खेपेला.”

पुढची खेप आली नाही. एका सकाळी अप्पा बेसिनपाशी वाकले आणि बेसिन लालभडक झालं. टॅक्सीवाल्याने सिग्नल तोडत गाडी दवाखान्यात नेली. त्याही वेळी तो म्हणाला, “सरांना काही बाधलं असेल ताई.”

दवाखान्यात एक पोरसवदा डॉक्टर होती, गावात नवी आलेली. तिने अप्पांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पोट दाबून पाहिलं आणि नाडीवरचं बोट न काढता विचारलं, “आजोबा, दारू रोज किती पिता?”

अप्पांना आजपर्यंत कोणी आजोबा म्हटलं नव्हतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. “जरा पाणी आण गं.”

ती पडद्याच्या बाहेर आली आणि तिथेच थांबली.

“रोज एक बाटली,” अप्पांचा आवाज आला. वर्गात हजेरी घ्यायचे तसा, सपाट. “कधी जास्त. सकाळी दात घासायच्या आधीपासून.”

“किती वर्षं झाली?”

“लोक म्हणतात बायको गेल्यापासून. खोटं आहे ते. ती होती तेव्हापासूनची आहे. शाळेत, मधल्या सुट्टीत, माझ्या खोलीचं दार लावून. तिने सांगून पाहिलं. रडून पाहिलं. मग गप्प झाली.”

“आणि बाकी कोणी विचारलं नाही, आजोबा? इतकी वर्षं?”

“विचारणार कोण? सगळे माझेच विद्यार्थी.” अप्पा थांबले. धाप लागली होती. “मोठ्यांना उलटून विचारायचं नाही, हे मीच शिकवलं त्यांना. छडी घेऊन शिकवलं.”

अप्पा बोलत राहिले. कुठे लपवायचे, हात कधी कापायचे, लेक घरी यायच्या आत तोंड कसं धुवायचे, सगळं. बोलायला कोणीतरी सुरुवात करून द्यायची वाट बघत बसल्यासारखे बोलले. ती भिंतीला टेकून ऐकत होती. तिला आईची आठवण आली. आई गप्प का असायची, हे तिने आजवर पुष्कळदा स्वतःशी सोडवून पाहिलं होतं आणि दर वेळी उत्तर चुकलं होतं.

त्याच आठवड्यात अप्पा गेले.

शाळेला अर्धा दिवस सुट्टी दिली. शोकसभेत सगळे एकच बोलले, पत्नीवियोगाने सर खचले. दारूच्या दुकानाचा मालक दिवसभर दुकान बंद ठेवून आला होता आणि पहिल्या रांगेत बसून लहान मुलासारखा हुंदके देत होता. त्याच्या खांद्यावर तिने हात ठेवला. त्याचा राग येईल असं तिला वाटलं होतं. आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

गर्दी ओसरल्यावर एका दुपारी समुपदेशक घरी आला. चहा घेतला. इकडचं तिकडचं काही बोललाच नाही.

“ताई, मी विचारलं असतं, तर सरांनी सांगितलं असतं?”

नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर तो आज रात्री झोपला असता. अप्पांचा ढापण्या, नखं खाऊन बोटं सोलवटलेला. तिने कप खाली ठेवला.

“हो,” ती म्हणाली, आणि पडद्याआडून ऐकलेलं सगळं त्याला सांगितलं. छडीचंही.

तो मान खाली घालून ऐकत राहिला. चष्म्याची काच धुकटली, ती त्याने पुसली नाही. मग म्हणाला, “पुढच्या महिन्यात शिक्षकांचं शिबिर आहे केंद्रात. आमचे नवे कार्यकर्तेही असतात. व्यसन कसं ओळखायचं, माणसाला कसं विचारायचं, हे शिकवायचं मीच. दर वर्षी मीच शिकवतो.” तो कडवट हसला. “यंदा काय तोंडाने शिकवू?”

“हेच सांगा. अप्पांचं.”

“नाव न घेता सांगेन. एक ज्येष्ठ शिक्षक, असं.”

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. ‘एक ज्येष्ठ शिक्षक’. म्हणजे पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेले. ऐकणारे हळहळतील, कोण असेल म्हणून कुजबुजतील, आणि आपापल्या सरांपुढे पुन्हा गप्प उभे राहतील.

“नाव घेऊन सांगा.”

“सरांचं नाव?” तो दचकला. “भर सभेत? नाही हो ताई. माझ्याने नाही व्हायचं.”

त्याच्याने खरंच होणार नव्हतं. तिने ते पाहिलं, आणि त्याला आणखी आग्रह केला नाही.

“मग मी येते,” ती म्हणाली. “कुठे आणि किती वाजता, तेवढं सांगून ठेवा.”