आज कुठल्या रंगापर्यंत?

मित्रांनो, मी एक जुना दगडी जिना आहे. अमरावतीतल्या एका टेकडीच्या अंगाला चिकटून मी कितीतरी वर्षं पडलो आहे. माझ्या पायथ्याशी बाजाराचा रस्ता आहे आणि डोक्यावर पंधरा-वीस घरांची वस्ती. ज्या पाथरवटांनी मला घडवलं, ते दुपारी माझ्याच कडेला बसून भाकर आणि ठेचा खात. त्यांच्या छिन्नीच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत.

वस्तीतलं कोण कधी उतरतं, कोण कसं चढतं, हे मला पावलांवरून कळतं. सगळ्यात आधी उतरत त्या पार्बताबाई. त्यांचे यजमान केशवराव पहाटे घरी हार ओवत आणि पार्बताबाई ते टोपलीत घेऊन देवळापाशी विकायला नेत. रिकामी टोपली घेऊन परत चढताना त्या एकदाही थांबत नसत.

मधली बरीच वर्षं माझी फार आबाळ झाली. लोक माझ्यावर कचरा टाकत, माझे दगड हलू लागले होते. मग चार वर्षांपूर्वी चित्रकला शिकणारी पोरं-पोरी आली. त्यांनी मला घासूनपुसून धुतलं आणि रंगवलं. खालून वर निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल आणि जांभळा. एकेका रंगाच्या बारा पायऱ्या. काय सांगू तुम्हाला! तेव्हापासून कॅमेरेवाल्यांची रीघ लागली. अकोल्याहून, मोर्शीहून लग्न ठरलेली जोडपी येऊ लागली. मी इतका फुशारलो, की पार्बताबाईंची पावलं मंद झाल्याचं माझ्या लक्षातच आलं नाही.

यंदा श्रावणात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांचा मुलगा मनोज पायथ्याजवळच लिफ्टच्या इमारतीत राहतो. त्याने त्यांना आपल्याकडे ठेवून घेतलं. केशवराव वर एकटे. घर सोडायला ते तयार नव्हते आणि मनोज हट्टाला पेटला होता. एकदा माझ्या पायथ्याशी उभा राहून तो पार्बताबाईंना म्हणाला,

"माय, दसऱ्यापर्यंत चढली तर ठीक. नाई तर बाबालेबी खालीच आणतो अन् वरचं घर देऊन टाकतो."

"दसऱ्याले मी माह्या घरी राहीन," पार्बताबाई म्हणाल्या. "पाह्यत राह्य."

त्या रोज सकाळी काठी टेकत यायला लागल्या. चांगला पाय वर, मग काठी, मग ऑपरेशनचा पाय. पहिल्या दिवशी निळ्या रंगाच्या चारच पायऱ्या झाल्या. केशवराव चहाचा थर्मास आणि दोन कप घेऊन तिथवर उतरून आले. दोघांनी तिथेच बसून चहा घेतला. मग रोज हेच. पार्बताबाई जितक्या वर येत, तितकं केशवरावांचं उतरणं कमी होई.

पिवळ्यावर त्या दम खात बसल्या होत्या, तेव्हा खाली देवमन नावाचा फोटोग्राफर एका जोडप्याचे फोटो काढत होता. तो ओरडला, "ओ आजी! बाजूले व्हा ना जरा. फ्रेममधी येऊन राहिल्या तुमी!"

"काहून रे बाप्पा?" पार्बताबाईंनी तिथूनच विचारलं. "ही माह्या घरची वाट आहे. तूच माह्या वाटेत येऊन राह्यला!"

लग्न ठरलेली ती मुलगी, आचल, खळखळून हसली आणि वर येऊन पार्बताबाईंशेजारी बसली. देवमन ओशाळला. दुसऱ्या दिवसापासून तो भेटला की विचारू लागला, "आजी, आज कुठल्या रंगापर्यंत?"

पण नारिंगीवर घात झाला. गुडघा सुजला आणि त्यांचं येणंच बंद पडलं. केशवराव मात्र रोज नारिंगीवर येऊन बसत. दोन कप मांडत. पार्बताबाईंचा चहा गार होई. पाचव्या दिवशी देवमनला ते बघवेना. त्याने लांबूनच केशवरावांचा एक फोटो काढला आणि तडक मनोजच्या घरी गेला.

तिथे काय झालं ते नंतर त्याने केशवरावांना सांगितलं, तेव्हा मीही ऐकलं. पार्बताबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग म्हणाल्या, "शर्टाची गुंडी तुटली वाटते याइची. कोणी लावूनबी देत नाई! मनोज, माही काठी कुठी ठेवली?"

डॉक्टरांना विचारून, दोन दिवसांनी, त्या पुन्हा आल्या. या वेळी पदराला सुईदोरा टोचून! नारिंगी पायरीवर बसून त्यांनी गुंडी लावली, केशवरावांच्या अंगावरच. "हलू नका, नाई तर टोचीन," असा दम भरत.

दसऱ्याच्या सकाळी लाल संपला, जांभळा आला. मनोज मागून दोन्ही हात पसरून चालत होता, जणू काचेचं भांडंच नेतोय. कॅमेरेवाल्यांनी आपण होऊन वाट मोकळी केली होती. जांभळ्यानंतर माझ्या शेवटच्या सात पायऱ्या काळ्याच आहेत. तिथे पोरांचा रंग संपला होता. त्या पायऱ्यांचे फोटो कोणी काढत नाही. तिथे पार्बताबाईंनी काठी मनोजच्या हाती दिली, केशवरावांचा हात धरला आणि सातही पायऱ्या चढून गेल्या.

वर उभं राहून त्यांनी हाक मारली, "ये देवमन! आता काढ फोटो. अन् माहं घर आलं पायजे त्याच्यात!"

देवमन धावत वर गेला. मनोज डोळे पुसत म्हणाला, "माय, मीच यीन आता रोज वर, चहाले."

"ये ना. पण कप आणजो तुहा. माह्या घरी दोनच हायेत!"

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण दगडाला हसता येत नाही.

मित्रांनो, तुम्हीही या. माझ्यावर हवे तितके फोटो काढा. मात्र माझ्यावर खाऊचे कागद टाकू नका, रंग खरवडून नावं लिहू नका. आणि एखादं थकलेलं माणूस पायरीवर टेकलेलं दिसलं, तर त्याला उठवू नका. तुम्हीच थोडं बाजूला व्हा. मी दगडाचा आहे, मला सरकता येत नाही. तुम्हाला येतं.