चादरसाहेबाचा अर्ज

हात मोजायची गरजच पडली नाही. प्रार्थनाघराच्या स्वयंपाकघरात मिरवणूक समितीचे सात जण बसले होते, त्यातल्या सहांनी हात वर केले. सगळ्यांत आधी आस्लाकने. सातवी त्याची बायको गुदनी. तिच्या एका हातात लेखणी होती आणि दुसऱ्यात नुकताच दूध पिऊन झोपलेला तान्हा ऐविंद, म्हणून तिचं मत कुणी विचारलं नाही.

ठराव झाला: सतरा मेच्या, देशाच्या संविधानदिनाच्या मिरवणुकीत कप्तान ब्रेकहूस यांनी नौदलाच्या लोकांबरोबर चालू नये. अगदी शेवटच्या रांगेत का होईना, एकदा चालू द्या, असा अर्ज त्यांनी स्वतः केला होता. एकोणीसशे चाळीसच्या एप्रिलात जर्मन जहाजं खाडीत शिरली तेव्हा ह्या माणसाच्या गस्तीबोटीवर दोन तोफा होत्या. एकही उडाली नाही. डोलकाठीवर चढली ती कप्तानाच्याच बिछान्यावरची चादर. उरलेलं युद्ध त्याने बहिणीच्या वाडीत बटाटे लावण्यात काढलं. कामगिरी म्हणावी तर एवढीच.

जर्मन शिपाई शेजारी येऊन बसला की बाकावरून उठायचं, ही गावाची पाच वर्षांची सवय. शिपाई गेले, सवय ब्रेकहूसच्या वाट्याला आली. पोरं त्याला चादरसाहेब म्हणत आणि आया त्यांना गप्प करत नसत.

"झेंड्याजवळ नकोच तो," समितीचा प्रमुख आनफिन वॅफलवर तपकिरी चीज ठेवत म्हणाला. "पांढरा नाही म्हटल्यावर गोंधळून जाईल बिचारा."

आस्लाक सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याच बोटीवर तो बॉयलरमध्ये कोळसा टाकायला होता.

पत्र पोचवायचं काम गुदनीने मागून घेतलं. सकाळी बाबागाडी ढकलत ती चढ चढली, तेव्हा ब्रेकहूस अंगणात लाकडं फोडत होते. पत्र त्यांनी उभ्यानेच वाचलं, नीट घडी करून खिशात ठेवलं.

"सहाच्या सहा?"

गुदनीने मान हलवली. मग वाटभर जुळवलेलं तिने एका दमात सांगून टाकलं. तुम्ही तोफ डागली असती तर बोट बुडाली असती. आस्लाक परतला नसता, हा ऐविंदही नसता. चाळीस माणसांचा जीव तुम्ही मोठा मानलात, हे गाव विसरलं तरी मी विसरणार नाही.

ब्रेकहूसनी कुऱ्हाड ओंडक्याला टेकवली.

"तसं काही नव्हतं, बाई. माणसं मला आठवलीसुद्धा नाहीत. हुकूम द्यायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. मी घाबरलो होतो."

गुदनीने ऐविंदचं पांघरूण उगाचच हनुवटीपर्यंत ओढलं. निरोप न घेता ती वळली. उतारावर गाडी सांभाळताना तिला स्वतःचाच राग येत होता. आभार मानायला गेले तरी कुणाचे. निदान खोटं तरी बोलायचं होतं मेल्याने.

आस्लाक धक्क्यावर कॉड साफ करत बसला होता. तिने सगळं सांगितलं, चवीने सांगितलं, कप्तानाचा आवाजही काढून दाखवला. तो हसेल म्हणून थांबली.

आस्लाकची सुरी माशाच्या पोटात तशीच राहिली.

"आम्ही खाली होतो," तो म्हणाला. "चादर चढली असं वरून कुणीतरी ओरडलं. मग आम्ही वर धावलो, एकमेकांना मिठ्या मारल्या. टोप्या उडवल्या. आमच्याबरोबरचा म्हातारा कोळसेवाला तर रडला."

"आणि तू?"

"माझी टोपी पाण्यात गेली."

ऐविंद जागा होऊन कुरकुरू लागला, तसं तिने त्याला उचलून खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली.

"मग काल सगळ्यांत आधी हात तूच का वर केलास?"

आस्लाकने सुरी पाण्यात बुचकळली, पात्यावरून अंगठा फिरवला.

"थांबलो असतो," तो म्हणाला, "तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं."