माहेरी गेलेल्या नोंदी

गुरुवार, दिनांक २० फेब्रुवारी २०२५. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती आणि तीर्थपुरीच्या शिवाजी बोर्डे यांच्या ओसरीत, लॅपटॉपच्या पडद्यावर, एक लाख बारा हजार चारशे सहा गरोदर स्त्रिया रांगेत उभ्या होत्या. निदान अक्षता तरी तसेच समजत होती.

अक्षता ही शिवाजीरावांची थोरली मुलगी. संख्याशास्त्रात पीएच.डी. झालेली आणि जालन्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारी. पुण्याच्या एका संस्थेने नवख्या संशोधकांसाठी दोन वर्षांची अभ्यासवृत्ती जाहीर केली होती. आरोग्याच्या मोठमोठ्या डेटासंचांतून उपचार कोणाच्या दारापर्यंत पोचतात आणि कोणाच्या दारावरून परत फिरतात, हे शोधणाऱ्यांना संस्था पाठबळ देणार होती. पीएच.डी. होऊन पाच वर्षे उलटली की अर्ज करता येत नसे आणि अक्षताचे हे पाचवे वर्ष होते. छाननीतून तिचे नाव पुढे गेले होते. उद्या अकरा वाजता मुलाखत होती. ती हुकली तर पुन्हा दार ठोठावायची सोय नव्हती.

तिचा निष्कर्ष तसा ठसठशीत होता. मराठवाड्यातील गावागावांत गरोदर स्त्रिया सातव्या महिन्यापर्यंत नियमाने तपासणीला येतात आणि पुढे शंभरांतल्या चोवीस जणी अचानक दिसेनाशा होतात. 'सातव्या महिन्यानंतरची गळती' असे भारदस्त नाव तिने त्याला दिले होते. छाननी करणाऱ्यांनी नेमक्या याच मुद्द्याचे कौतुक केले होते.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला तिची धाकटी बहीण दीपमाला भिंतीला टेकून बोरे खात बसली होती. दीपमालाचे सासर अंबडचे. पहिलटकरीण म्हणून शिवाजीरावांनी तिला सातव्या महिन्यात रीतसर माहेरी आणले होते. तिचा मोबाइल वाजला. तोंडात बोर असल्यामुळे तिने फोन स्पीकरवर टाकला.

"दीपमालाबाई, मी अंबडहून आशाताई बोलून राह्यले. या महिन्याची तपासणी चुकली तुमची. हैत कुठं तुम्ही?"

"माहेरी आलेय ना ताई. तीर्थपुरीला."

"आता गं बाई! सांगून तरी जायचं. इथं तुमच्या नावापुढं 'आली नाही' पडून राह्यलंय."

फोन ठेवते न ठेवते तोच दुसरा आला. तो गावातल्याच आरोग्य केंद्रातील नर्सबाईंचा होता. काल दीपमाला तिथे जाऊन आली होती.

"दीपमाला, तुझं कार्ड सासरीच राहिलं म्हणालीस म्हणून नवी नोंद केली आहे. पण सातवा सरत आला आणि आधीची एकही तपासणी दिसत नाही. इतके दिवस काय करत होतीस?"

"बाई, समद्या तपासण्या झाल्यात हो! फक्त तिकडं झाल्यात."

दीपमालाने फोन बाजूला ठेवला, बी थुंकली आणि कपाळाला हात लावला. "बघ ताई. तिकडून मी पळाले आन् इकडं मी आभाळातून पडले!"

आतून कांताबाईंचे, म्हणजे दोघींच्या आईचे, हसणे ऐकू आले. अक्षता मात्र हसली नाही. तिने दीपमालाकडे पाहिले, मग पडद्याकडे पाहिले. डेटा देताना गोपनीयतेसाठी नावे काढून टाकलेली होती. नावाशिवाय दीपमाला कशी दिसली असती? अंबडला सातव्या महिन्यात गळालेली एक स्त्री. तीर्थपुरीला सात महिने दवाखान्याचे तोंडही न पाहिलेली दुसरी स्त्री. दोघीही अभागी, आणि दोघी मिळून इथे बोरे खात बसलेल्या.

"दीपे, तुमच्या गल्लीतल्या पहिलटकरणी समद्याच माहेरी जातात?" घाईत अक्षताच्याही तोंडी घरची बोली आली.

"मंग काय सासूच्या हातचा काढा पिऊन राह्यतात? पहिलं माहेरी, पुढची सासरी. तुला एवढं शिकून एवढंच म्हाईत न्हाई?"

माहीत होते. जन्मल्यापासून माहीत होते. ती स्वतः आईच्या माहेरी, कुंभार पिंपळगावला जन्मली होती. पण पडद्यासमोर बसताना तिने हे ज्ञान चपलांसारखे उंबऱ्याबाहेर ठेवले होते.

पडताळा मात्र सोपा होता. गळती खरी असेल तर ती पहिल्या आणि पुढच्या खेपांना सारखीच दिसायला हवी. अक्षताने नोंदी दोन गटांत वाटल्या आणि उत्तर यायची वाट पाहत नख कुरतडत बसली. पहिलटकरणींत शंभरांपैकी शेहेचाळीस गायब. पुढच्या खेपेच्या स्त्रियांत केवळ अकरा. मग तिने वय, रक्तगट आणि शेवटच्या पाळीची तारीख जुळवून पाहिली, तेव्हा हरवलेल्या पहिलटकरणींपैकी बहुतेक जणी दुसऱ्याच गावच्या नोंदींत सुखरूप सापडल्या.

दुपारी जेवताना तिने घरात सांगून टाकले.

"म्हणजे तुझा शोध गेला?" कांताबाईंचा हात भाकरीवरच थांबला.

"मोठा आकडा गेला. चोवीसचे अकरा झाले."

"मंग उद्या गप बस. आधी निवड होऊ दे, मागून सावकाश सांग. त्या पुण्याच्या लोकायला कुठं म्हाईत आपली दीपी कवा आल्ती?"

"आई, मला माहीत आहे ना!"

"तुला म्हाईत हाये म्हणूनच सांगून राह्यले, की गप बस!"

शिवाजीराव तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन पाणीपुरवठ्यात हयात घालवलेले गृहस्थ होते. पाण्याचा घोट घेऊन ते म्हणाले, "एकच पाणी दोन मीटरांतून गेलं, तर दोनदा मोजलं जातं. त्याला गळती म्हणत नाहीत. पण अक्षता, तू ती अकरा सोडून चोवीसचंच दुःख का करून राह्यलीस? मीटरचा घोळ वजा जाता जे पाणी कमी भरतं, ती खरी गळती. खोदायचं तिथं."

"बाबा, पण त्यांनी मला चोवीसवर निवडलंय."

"मग उद्या कळेल, त्यांना आकडा हवाय का माणूस."

दीपमालाने ताटातली मिरची उचलली. "आन् माझं काय? मी गळाले का उगवले, ते एकदाचं ठरवा."

दुपारभर अक्षता शंभरांतल्या त्या अकरा जणींच्या मागे लागली. त्या कुठल्याच दुसऱ्या नोंदीत जुळत नव्हत्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणी दिवाळीनंतर नाहीशा होऊन उन्हाळ्यात परतत होत्या. ऊसतोडीला टोळ्या जातात ते हेच महिने. म्हणजे फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, दिवस काढणाऱ्या, माहेर ना सासर अशा बायका. मोठ्या आकड्याच्या गर्दीत त्या झाकल्या गेल्या होत्या. खात्री देता येत नव्हती. पण प्रश्न समोर उभा होता आणि तो कालच्यापेक्षा चांगला होता.

शुक्रवारी अकराला पडद्यावर तीन चेहरे उमटले. मध्ये समितीच्या अध्यक्ष डॉ. शिवकन्या मुंडलिक होत्या. मांडणीची पाने आधीच संस्थेकडे गेलेली होती, ती बदलता येणार नव्हती. अक्षताने पहिलेच पान उघडले आणि ती म्हणाली, "या पानावरचा चोवीस हा आकडा चुकीचा आहे. तो का चुकला, हे सांगून मी सुरुवात करते."

एका सदस्यांनी चष्मा काढला. अक्षता बोलत गेली. माहेरची रीत, विसरलेले कार्ड, एका स्त्रीच्या दोन नोंदी, पहिली खेप आणि पुढची खेप. अकरा जणींपाशी येईतो तिचा आवाज ठाम झाला.

"हे आम्हाला सांगितलं नसतं, तर ते आमच्या लक्षात आलं नसतं," चष्मा काढलेले सदस्य म्हणाले.

"माझ्या आईचंही हेच मत होतं, सर."

पडद्यावर हशा पिकला. डॉ. मुंडलिक हसल्या नाहीत. "तुमचा निष्कर्ष निम्म्याहून खाली आला, डॉ. बोर्डे. मग आम्ही पाठबळ कशाला द्यायचं?"

"चोवीस जणींसाठी फार तर एक पत्रक निघालं असतं, मॅडम, 'तपासणीला या' असं. त्यांतल्या बहुतेक तर येतच होत्या, दुसऱ्या गावी. या अकरा जणी कुठेच येत नाहीत. त्या कोण, कुठल्या कारखान्याच्या वाटेवर, आणि नोंद त्यांच्यामागून कशी न्यायची, हे मला शोधायचं आहे. आधी माहेरवाशिणी बाजूला काढल्याशिवाय त्या दिसणारच नाहीत."

"आणि हे तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचलं नाही. कालपर्यंत माझ्या डेटातली एक बेपत्ता स्त्री माझ्याच घरी जेवत होती."

तेवढ्यात आतल्या दारातून दीपमालाचा आवाज आला, "जेवत होती काय, अजून जेवतेय!" आणि पाठोपाठ कांताबाईंचे "गप गं!" थेट पुण्यापर्यंत पोचले.

आता मात्र डॉ. मुंडलिक खळखळून हसल्या. "माझं पहिलं बाळंतपण परभणीला झालं. सासर नाशिक. म्हणजे नाशिकच्या दप्तरात मी अजून गळालेलीच असणार." मग त्यांनी वही ओढली आणि पुढची वीस मिनिटे नोंदी जुळवण्याच्या रीतीवर असे खोदून खोदून विचारले, की अक्षताला घाम फुटला. दोन प्रश्नांना ती सरळ "माहीत नाही" म्हणाली.

त्यानंतरचे दिवस कांताबाईंनी मुलीवर रुसून आणि तिच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी कुटून काढले. एका दुपारी मेल आला. अक्षता वाचता वाचता मटकन खाली बसली. कांताबाईंना वाटले, संपले सगळे. "मी म्हणलं न्हवतं का—" एवढे त्यांनी सुरू केले. दीपमालाने अवघडलेल्या पोटानिशी वाकून पडद्यावर नजर टाकली आणि अशी किंचाळली, की शिवाजीराव शेजारच्या घरातून धावत आले, तिचीच वेळ भरली असे समजून.

एकूण अर्ज दोनशे चौदा होते. निवड नऊ जणांची झाली आणि गुणानुक्रमे अक्षता बोर्डे हिचा क्रमांक सातवा लागला.