शनिवारचं खळं

"हे कोणी पसरलं?" एझ्रा रोहेकरांनी विचारलं. उत्तर समोरच उभं होतं, पण तोंडातून काहीतरी निघणं भाग होतं.

खांब गावच्या हायवेलगतच्या त्या शेतात, जिथे त्यांचं हेलिकॉप्टर उतरायचं, तिथे वालाचे वाळलेले वेल या बांधापासून त्या बांधापर्यंत अंथरले होते. ऊन चढत होतं आणि शेंगा तडतडत होत्या. दाजी काठीने झोडत होता, त्याची बायको बायजा सूप घेऊन बसली होती.

"मीच की," दाजी म्हणाला. "काल सांजचा पसरला. एवढी चोपलेली, सपाट जागा आख्ख्या गावात नाय. आज शनवार, तुमचं इमान काय येत नाय. म्हटलं, आपलं खळं करून घेऊ."

"आज येतंय, दाजी."

दाजीने त्यांच्या हातातल्या चुन्याच्या पिशवीकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं. काठी हळूच खाली टेकवली. एझ्रांना वाटलं, यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रोहेकर मूळचे तेली. बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं घर; शनिवार हा त्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस, म्हणून शुक्रवारी दिवस मावळला की घाणा थांबायचा तो शनिवारी चांदण्या दिसल्यावर फिरायचा. सगळा मुलूख त्यांना शनवार तेलीच म्हणायचा. शनिवारी विस्तवाला हात लावायचा नाही, म्हणून दाजीचा आजा सकाळी येऊन त्यांची चूल पेटवून द्यायचा. मजुरी कधी मागितली नाही. दिवाळीला तांब्याभर तेल त्याच्या घरी जायचं, एवढाच व्यवहार. पुढे घाणा गेला, भाऊबंद इस्राएलला गेले, एझ्रांची मुलं, रूबेन आणि डेबोरा, तीही गेली. वरसे गावच्या घरात आता एझ्रा आणि त्यांची बायको रेचल दोघंच. शनिवार तेवढा तिसरा, घरातल्या माणसासारखा.

एझ्रांचा उभा जन्म मुंबईत विमानांची इंजिनं उघडण्यात आणि मिटण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर गप्प बसावं, तर बसवेना. पायाला भिंगरी आणि डोक्यात पंखा. नवा विमानतळ जवळ आला तशा पेणकडच्या जमिनींना सोन्याचे भाव आले, आणि ज्यांनी जमिनी विकल्या त्यांच्या मुलांना वरातीचा घोडा कमीपणाचा वाटू लागला. नवरदेवाला आकाशातून उतरायचं होतं. एझ्रांनी मुंबईच्या एका कंपनीकडून हेलिकॉप्टर लग्नसराईपुरतं कराराने घेतलं. रेचल म्हणाली होती, "फंड त्यात घालू नका. नातवंडांना बघायला जायचंय." त्यांनी फंड त्यातच घातला.

कागदावर धंदा झकास होता. पण उभा बैल कडब्यावर भागतो, उभं हेलिकॉप्टर माणसाला खातं. उडो न उडो, ठरलेल्या तासांचं भाडं द्यायचंच. पायलटचं हॉटेल, इंधनाची गाडी, विमा, पोलिसांची परवानगी, कलेक्टर कचेरीतल्या खेपा. नवरदेव बसायचा जेमतेम दहा-बारा मिनिटं, आणि त्याच्यासाठी यंत्र मुंबईहून रिकामं यायचं, रिकामं जायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यात लोकांना लग्नं हवीत शनिवार-रविवारी. शनिवारचं प्रत्येक गिऱ्हाईक एझ्रांनी हात जोडून परत पाठवलं होतं. या आठवड्यात कंपनीच्या माणसाने फोनवर गोडीत सांगितलं, "काका, तास भरत नाहीयेत. सोमवारपर्यंत भरले नाहीत तर मशीन नेतो. करारात आहे, डिपॉझिट राहील आमच्याकडे."

त्याच संध्याकाळी पेणच्या रामवाडीहून फोन आला. मुलगा हर्षद, मुलगी खांबची, लग्न शनिवारी. मुंबईहून येणं, मग पेण ते खांब, वर मांडवावर फुलं उधळत घिरट्या, आणि परतीचा प्रवास. एवढ्यात तास भरत होते. एझ्रांनी हो म्हटलं आणि मग बराच वेळ फोन हातात धरून बसले.

शुक्रवारी रेचलने दिवा लावला, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली आणि हात काढायच्या आधीच म्हणाली, "उद्या कुठे जाणार असाल तर मला सांगू नका. सांगितलं नाही तर मला माहीत नाही."

ते सकाळी तिला काही न सांगताच निघाले होते. दाजीलाही त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. पोलिसांना कळवलं, अग्निशमनच्या गाडीला कळवलं, मांडववाल्याला कळवलं. फक्त दाजीच्या नावापाशी बोट अडलं. त्याला काय सांगायचं, रोहेकर शनिवारी घाणा फिरवणार म्हणून? सकाळी गेल्यावर बघू, जागा रिकामीच तर असते, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

"किती येळ हाय?" दाजीने विचारलं.

"फार नाही. हेलिकॉप्टर मुंबईहून सुटून रामवाडीत उतरलंय. नवरा बसला की निघेल."

"बायजा, ताडपत्र्या आन गो. ऊठ."

"उन्हात हालवलं तर शेंगा फुटतील," बायजा म्हणाली. "पहाटं दव असताना उचलायचं असतं ह्ये. शेटना ठावं नाय का?"

शेटना ठाऊक होतं. ते वाकले आणि वेल गोळा करू लागले. वेलांची कवळ उचलली की दाणे टपटप गळत. एझ्रांच्या पांढऱ्या शर्टाला काडीकचरा चिकटला, घाम डोळ्यात उतरला. एका हाताने वेल ओढावेत तर दुसऱ्या हातातला फोन वाजत होता. मांडवातून विचारत होते, कुठवर आलं? पोलीस विचारत होता, गर्दी कुठे थांबवू? शेवटी पायलटचा फोन आला.

"रोहेकरसाहेब, मला नव्या विमानतळाच्या कंट्रोलने आत्ताच परवानगी दिलीय. आत्ता निघालो तर निघालो. चुकली तर दीड-दोन तास हलता येणार नाही. जागा मोकळी आहे ना?"

दोन तासांनी मुहूर्त टळला असता. मुहूर्त टळला म्हणजे गिऱ्हाईक गेलं, तास गेले, फंड गेला.

मध्यभाग मोकळा झाला होता. सगळा वाल पलीकडच्या बांधावर ढीग करून ताडपत्रीखाली झाकला होता, कडेने दगड ठेवले होते. तो अजून लांब, आंब्याच्या खाली न्यायला हवा होता. पात्यांचा वारा किती दूर मारतो हे एझ्रांएवढं तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"येवढं लांब पुरंल का, शेट?" बायजाने विचारलं.

"पुरेल," ते म्हणाले. आणि फोनमध्ये म्हणाले, "या."

चुन्याचं वर्तुळ त्यांनी धावत मारलं. ते वाकडं झालं. सुकेळीच्या डोंगरावरून आवाज आला, मग ठिपका दिसला, मग रस्त्यावरची सगळी पोरंबाळं ओरडायला लागली. हेलिकॉप्टरने मांडवावर फुलं उधळली, त्यातली निम्मी हायवेवरच्या ट्रकवर पडली. मग ते शेतावर आलं आणि खाली उतरू लागलं.

ताडपत्री आधी फुगली. मग दगडांसकट उलटली. वालाचा ढीग बसल्या जागेवरून उठला आणि शेतभर, रस्त्यावर, गटारात, बाभळीच्या काट्यांत जाऊन विखुरला. दाणे लोकांच्या तोंडावर बसले. बायजाने पदर डोळ्यांवर घेतला. दाजी ढिगाच्या जागेकडे नुसता बघत राहिला.

हर्षद उतरला. फेटा एका हाताने गच्च दाबून धरलेला, चेहरा पांढराफटक, पण मोबाइलवाले पुढे आल्याबरोबर तो हसला. बेंजो सुरू झाला. त्याचे मामा खूश होऊन एझ्रांपाशी आले.

"झकास काम झालं. आमच्याकडं अजून दोन लग्नं हायेत. आमच्याच भावकीत. संध्याकाळी फोन करतो, तारखा पक्क्या करू. दोनी शनवारच हायेत, चालंल ना?"

"चालेल," एझ्रा म्हणाले. हा शब्द सकाळपासून फार सोपा झाला होता.

हेलिकॉप्टर गेलं, वरात मांडवाकडे गेली. शेतात तिघेच उरले. एझ्रांचे तास भरले होते. मोसमात पहिल्यांदा धंदा फायद्यात आला होता. ते दाजीपाशी गेले, खिशात हात घातला.

"दाजी, जे नुकसान झालं ते..."

"पैसं ऱ्हाऊ द्या," दाजी म्हणाला. "त्यात बियानं व्हतं. बापाच्या येळपासूनचं. त्ये बाजारात गावत नाय."

एझ्रांचा हात खिशातच राहिला. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं. वारा तिथवर पोचेल हे मला ठाऊक होतं."

"व्हय," दाजी म्हणाला. "तुमी नाय तर कोन जाननार."

एझ्रा खाली बसले आणि मातीतून दाणे वेचू लागले. काळसर, चपटे, धुळीने माखलेले. गुडघे दुखत होते, तरी ओंजळ भरेपर्यंत ते थांबले नाहीत. दाजी जवळ आला, उकिडवा बसला आणि ओंजळीखाली आपले दोन्ही तळवे धरले.

"द्या हिकडं."

"असू दे. वेचतो मी."

"आज शनवार हाय, एझ्राशेट," दाजी म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तो असता तर सोसवला असता. "तुमी बसा. आमी हाय ना."

त्याने दाणे काढून घेतले आणि त्यांना हाताला धरून आंब्याच्या सावलीत नेऊन बसवलं. मग नवरा-बायको दोघं वाकून शेताच्या कडेकडेने वेचत निघाली.

ऊन उतरू लागलं. मांडवातून बेंजो ऐकू येत होता. खिशातला फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. एझ्रा रोहेकर दोन्ही हात मांडीवर ठेवून, चांदण्या निघायची वाट बघत बसून राहिले.