अकरा पन्नासचा लाल दिवा

गल्लीतल्या शेवटच्या घराचा सोलर इन्व्हर्टर रोज अकरा पन्नासच्या सुमारास बंद पडत असे आणि दोननंतर आपोआप सुरू होत असे. ढगाळ दिवशी तो बंद पडत नसे. रविवारीही, लख्ख ऊन असले तरी, पडत नसे.

"रविवारी त्यालाही सुट्टी," धाकटी जाऊ म्हणाली; घर तिचे होते.

थोरलीला हसू आले नाही. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे उपकरणे सांभाळलेल्या बाईला वार पाळणारे उपकरण मान्य होणे शक्य नव्हते. शिवाय सवडही नव्हती. शिवणाच्या टेबलावर, कापलेल्या बाह्या बाजूला सारून, नव्या कंपनीच्या माणसाने करारपत्र पसरले होते आणि धाकटीच्या हाती पेन दिले होते.

छतावर सोलर पॅनेल बसवणाऱ्या जुन्या कंपनीने चार महिन्यांपूर्वी दिवाळे काढून गाशा गुंडाळला होता. तिचा दुरुस्तीचा फोन मुका झाला होता; लाल दिव्याखाली उमटणाऱ्या आकड्याचा अर्थ ज्या वेबसाइटवर होता, तीही बंद पडली होती. हा माणूस इन्व्हर्टर बदलून देणार होता. अट एवढीच, की आधीच्या सगळ्या हमींवर पाणी सोडायचे आणि दहा वर्षे दुरुस्ती त्याच्याकडूनच करून घ्यायची.

"कंपनी बुडाली म्हणून इन्व्हर्टर बनवणारा कारखाना बुडत नाही," थोरली म्हणाली. "त्याची हमी अजून सहा वर्षं आहे. कंपनीच्या कामाबद्दल कोर्टानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दावा लावता येतो. इथं सही केलीस की दोन्ही दारं बंद."

"जाऊबाई, चार महिने ती दारंच ठोठावतेय मी. कारखाना म्हणतो, दोष आमच्या यंत्रात आहे हे आधी दाखवा. अधिकारी म्हणतो, अर्ज करा आणि थांबा. पॅनेल घेतले तेही तुमच्या शब्दावर. आता शब्द पुरे झाले."

हे खरे होते. गल्लीतल्या सातही घरांनी थोरलीच्या शब्दावर पॅनेल घेतले होते.

"मॅडम, साडेबाराला मला पुढच्या वस्तीत पोचायचंय," नव्या कंपनीचा माणूस म्हणाला. "ही सवलत आजच्यापुरतीच."

अकरा पस्तीस झाले होते. थोरलीने कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या वायरमनला खूण केली. हा जुन्या कंपनीचाच. याच गल्लीतली जोडणी त्याने केली होती. "माझे तीन पगार बुडवून ते पळाले, आणि शिव्या मी खातोय," असे पुटपुटत त्याने इन्व्हर्टरच्या तारांना मीटर लावले.

"वाच."

"दोनशे सेहेचाळीस व्होल्ट."

थोरलीने चौकटीच्या वहीत आकडा आणि वेळ लिहिली. अकरा बेचाळीसला दोनशे एकोणपन्नास. अकरा अठ्ठेचाळीसला दोनशे बावन्न. धाकटीने पेनाचे टोपण काढले. अकरा एक्कावन्नला वायरमन "दोनशे त्रेपन्न" म्हणेपर्यंत खट्‌ असा आवाज झाला आणि लाल दिवा लागला.

"बघितलंत? मेलं," नव्या कंपनीचा माणूस म्हणाला.

"मेलं नाही. बाहेरच्या तारेचं व्होल्टेज मर्यादेवर गेलं, म्हणून ते बाजूला झालं. त्यानं तसंच करायला हवं." थोरलीने चपला घातल्या. "धाकटे, पंधरा मिनिटं सही करू नकोस."

"दहा," धाकटी म्हणाली.

थोरली सहाही घरांच्या दारांत गेली आणि प्रत्येकाला आपापले सोलर पंधरा मिनिटे बंद ठेवायला सांगितले. तिसऱ्या घरातले आजोबा अडून बसले. "आमचं चांगलं चाललंय, ते का बंद करू?"

"चांगलं चाललंय म्हणूनच," ती म्हणाली आणि पुढच्या दाराकडे वळली.

ती धापा टाकत परतली तेव्हा मीटरवर दोनशे सदतीस होते. चौघेही दिव्याकडे पाहत राहिले. बारा वाजून दोन मिनिटांनी तो हिरवा झाला.

"म्हणजे शेजारी सुरू असले की माझं बंद?" धाकटीने विचारले. "मग रविवारी?"

"रविवारी सगळे घरी असतात. दुपारी धुणं, इस्त्री, स्वयंपाक. गल्लीतली वीज गल्लीतच खपते, व्होल्टेज चढत नाही."

उत्तर पटण्याजोगे होते. थोरलीला मात्र ते पुरेना. प्रत्येक घरात विजेच्या तीन तारा येत होत्या. सात घरांची वीज तिन्हींवर वाटली गेली असती तर व्होल्टेज इतके चढायला नको होते. "इन्व्हर्टर कुठल्या तारेवर जोडलाय?" तिने विचारले.

वायरमनने खटका बंद करून पेटी उघडली. "डावीकडच्या."

"बाकीच्या सहा घरांत?"

"तिथंही डावीकडच्याच."

"सगळीकडे? असं कुणी करतं का?"

वायरमनने पेचकस खिशात ठेवला. "बाई, तुम्हीच यादी घेऊन दारात उभ्या होतात. सातही घरांत काम तंतोतंत सारखं हवं, म्हणजे पुढं बिघाड शोधायला सोपं जाईल, असं म्हणालात. मी म्हटलं होतं, तारा आलटून पालटून घेऊ. तुम्ही म्हणालात, प्रयोगात असला भोंगळपणा चालत नाही."

थोरलीला ते वाक्य आठवले. ती यादीही याच वहीच्या मागच्या पानावर होती.

धाकटीने पेनाला टोपण लावले आणि ते करारपत्रावर ठेवून दोन्ही परत सरकवले. "बदलायला किती वेळ?" तिने वायरमनला विचारले.

"घरटी अर्धा तास. दोन घरं मधल्या तारेवर घेऊ, दोन उजवीकडच्या."

नव्या कंपनीचा माणूस कागद गोळा करून निघून गेला.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "तुमच्याविरुद्धचा दावा कुठं लावायचा?"

"अर्ज कर आणि थांब," थोरली म्हणाली, आणि वही उघडून लिहू लागली:

'कारण: सातही इन्व्हर्टर एकाच तारेवर. दुपारी खप कमी असताना त्या तारेचे व्होल्टेज टोकाच्या घरी मर्यादेपर्यंत चढते आणि तिथला इन्व्हर्टर बंद होतो. यंत्र निर्दोष. जोडणीची सूचना माझी.'