उसना मदतनीस

तज्ज्ञ मंडळींनो, तुम्ही खोटं बोललात असं कुणी म्हणत नाही. तुम्ही त्याहून वाईट केलंत. अर्धं तपासलंत, पुरं तपासल्याचा शिक्का मारलात आणि सुट्टीवर गेलात.

तोरुनचा मुलगा ब्रागे तेव्हा दोन वर्षांचा होता. भर हिवाळा, दुपारी तीनलाच खिडक्यांत दिवे लागायचे, अख्खं गाव पिठासारखं पांढरं पडलेलं, आणि हे पोरगं उन्हात रापल्यासारखं तांबूस-तपकिरी. बालवाडीच्या दारात इतर आया म्हणायच्या, "काय गं तोरुन, गुपचूप कॅनरी बेटांवर जाऊन आलात वाटतं!" तोरुन हसून सोडून द्यायची. मग एका सकाळी साध्या तापात ब्रागेला फीट आली. रक्तातली साखर तळाला गेली होती. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसणारी अधिवृक्क ग्रंथी साखर सावरून धरणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवतच नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि पोर वाचलं.

तोरुनची धाकटी बहीण इंगविल विद्यापीठात याच ग्रंथीच्या ग्राहींवर काम करायची. ग्राही म्हणजे पेशीच्या अंगावरची ती प्रथिनं, ज्यांच्यात संप्रेरक येऊन बसतं आणि आत निरोप जातो. रापलेल्या भाच्याकडे आपणही वर्षभर नुसतं कौतुकानं पाहत होतो, ही गोष्ट तिला चांगलीच टोचली. कारण अर्थ उघड होता. मेंदूखालची पियूषिका ग्रंथी एक संप्रेरक सोडून अधिवृक्काला सांगते, कॉर्टिसॉल बनव. अधिवृक्क ऐकत नाही, म्हणून ती आणखी सोडते, मग आणखी. तो सगळा लोंढा कातडीवर जातो आणि कातडी रंगते.

कातडी ऐकते आणि अधिवृक्क ऐकत नाही, याचं कारण दोघांच्या ग्राहींच्या बांधणीत आहे. कातडीचा ग्राही भोळा. त्याच्या खोबणीत संप्रेरकाचं नुसतं टोक शिरलं की झालं; त्या घराण्यातलं कुठलंही संप्रेरक त्याला चालतं. अधिवृक्काचा ग्राही त्याचाच भाऊबंद, पण महासोवळा. त्याला टोक पुरत नाही. साखळीत पुढे आणखी एक खूण लागते, आणि ती एकाच संप्रेरकाजवळ आहे. बरं, एवढा चोखंदळ असून एकट्यानं त्याचं पान हलत नाही. एक चिमुकलं मदतनीस प्रथिन त्याला पेशीच्या पोटातून हाताला धरून पृष्ठभागावर आणतं, आणि तिथंही त्याचा हात सोडत नाही. मदतनीस बिघडला, तर ग्राही कितीही निर्दोष असो, आतच अडकून पडतो.

तोरुन पुन्हा गरोदर होती. बाळ जुलैत येणार होतं. ब्रागेचं दुखणं आनुवंशिक असेल, तर बाळाला पहिल्या तासापासून जपावं लागणार होतं. नाहीतर साखर कधी घसरली ते कळायच्या आत ते हातचं जायचं. हे ठरवणार तज्ज्ञांचं मंडळ. मंडळानं ब्रागेच्या ग्राहीचं जनुक वाचलं. त्यात एक किरकोळ बदल दिसला, म्हणून तो ग्राही पेशींत घालून संप्रेरक दिलं. ग्राही खणखणीत बोलला. निकाल आला: ग्राही उत्तम, आनुवंशिक काही नाही.

इंगविलनं मंडळाच्या प्रमुखाला, आस्ब्योर्नला फोन लावला. "कुठल्या पेशींत तपासलात?"

"उंदराच्या अधिवृक्काच्या गाठीतल्या. नेहमीच्याच. दुसऱ्या पेशींत हा ग्राही तोंडच उघडत नाही, तुला काय सांगायचं?"

"का उघडत नाही?"

पलीकडे कॉफीचा घोट घेतल्याचा आवाज आला.

शुक्रवारी प्रयोगशाळेत वॅफल भाजायची पाळी तिच्या सहकाऱ्याची, योस्टाइनची होती. त्याच्या हातात झारा तसाच ठेवून इंगविलनं सगळं सांगितलं. योस्टाइन हसतच सुटला. "म्हणजे लंगड्याला बोटीत बसवायचं, आणि पलीकडे पोचला म्हणून पाय धड आहेत म्हणायचं!"

"हसू नकोस. वॅफल करपतंय."

"करपू दे. अगं, त्या उंदराच्या पेशी मदतनीस स्वतःच बनवतात. म्हणून तर सगळे त्याच घेतात. काम पटकन होतं."

"आणि कुणाच्या मदतनिसानं झालं, ते कुणी विचारत नाही."

तिनं मदतनीस अजिबात न बनवणाऱ्या, हॅम्स्टरच्या अंडाशयातल्या पेशी घेतल्या. त्यांत निरोगी माणसाचा ग्राही एकटा घातला. मुका. ब्रागेचा घातला. तोही मुका. मग दोन्हीकडे निरोगी मदतनीस सोबत दिला. दोघेही बोलायला लागले. म्हणजे मंडळाच्या चाचणीत सिद्ध झालं होतं ते एवढंच, की उंदराचा ठणठणीत मदतनीस मिळाला तर ब्रागेचा ग्राही बोलतो. ब्रागेच्या मदतनिसाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आस्ब्योर्ननं सगळे आलेख शांतपणे पाहिले. "काम सुरेख आहे. पण तू मावशी आहेस, इंगविल. मावशीच्या प्रयोगाला आम्ही पुरावा कसा म्हणणार?"

"नका म्हणू. तुम्ही स्वतः करा. मदतनिसाचं जनुक वाचा, संपलं."

"ऑगस्टमध्ये मंडळ बसेल तेव्हा मांडतो."

"बाळ जुलैत येतंय."

"आता जुलैत या देशात कोण काम करतं, बाई?"

बाळं करतात. तोरुनच्या मुलीनं तारीख पाळली. सुईण तिला पुसता पुसता म्हणाली, "अगंबाई, काय सुंदर रंग! बापावर गेली का?" बाप कोपऱ्यात उभा होता, लाल केसांचा, दुधासारखा पांढरा. तो लाजून हसला. इंगविल हसली नाही.

"हिची साखर बघ," ती डॉक्टरला म्हणाली. तो उन्हाळ्यापुरता बदलीवर आलेला कोवळा डॉक्टर.

"बाळ छान आहे. आणि मंडळानं तर आनुवंशिक नाही म्हणून..."

"मंडळ मासे पकडायला गेलंय. तू टाच टोच."

"उगाच टोचलं तर माझ्यावर येईल."

"तिचं ऐक रे बाबा," तोरुन खाटेवरून म्हणाली. "भांडकुदळ आहे ती, पण विनाकारण भांडत नाही."

त्यानं टाच टोचली. आकडा पाहिला, यंत्र बिघडलंय की काय म्हणून पुन्हा टोचली, आणि मग काही न बोलता धावला. ग्लुकोज लागलं. तपासणीचं रक्त काढून ठेवलं आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल दिलं. तासाभरानं मुलगी भोकाड पसरून रडली. इतकं चांगलं रडणं तोरुननं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

इंगविल व्हरांड्यात आली आणि तिनं आस्ब्योर्नला फोन लावला. त्याच्या मागे समुद्रपक्षी ओरडत होते.

"इंगविल, मी सुट्टीवर आहे."

तिनं बाळाचं सांगितलं.

"बरं झालं वेळेत कळलं. पण हा योगायोगही असू शकतो. आमच्या चाचणीत ग्राही उत्तमच होता."

"होता. ते मीही म्हणते. पण त्या पेशींत त्याला हाताला धरून वर कुणी आणलं, आस्ब्योर्न? ब्रागेच्या मदतनिसानं, की उंदराच्या? दोनातलं एक नाव सांग. मी फोन ठेवत नाही. कुणाच्या?"