डाव्या अंगाची जागा

फिनेलचा वास आला तिथेच मी ओळखलं, माझ्या मुलाने काहीतरी लपवलंय. त्याला लपवायचं असलं की तो आधी धुतो. लहानपणी ग्लास फोडला तर अख्खं स्वयंपाकघर पुसून ठेवायचा आणि साळसूदपणे अभ्यासाला बसायचा. केस पिकले, खोड गेली नाही.

मी दोन दिवस बहिणीकडे होते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिथून मी जितक्यांदा फोन केला, तितक्यांदा त्याने एकच टेप लावली, "सगळं ठीक आहे, आई. तू आराम कर." आराम! बहिणीचा नवरा भिंती हलतील असा घोरतो, आणि म्हणे आराम.

खांद्यावरची पिशवी खाली न ठेवताच मी घरामागच्या शेडमध्ये शिरले. सगळे ससे आपापल्या कप्प्यांत होते. शेवटचा कप्पा तेवढा लख्ख. फरशी धुतलेली, गवत नवं, पाण्याचं भांडं घासून उपडं घालून परत भरलेलं. कोपऱ्यात चावरी, अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून. आणि तिच्या शेजारी माझ्या नातीचा कापडी ससा. गुलाबी नाकाचा, गळ्यात रिबीन बांधलेला.

तिचा जोडीदार, वाकडा, मात्र नव्हता.

आमच्याकडचे ससे कुणाला नको झालेले. गोंडस असतात त्यांना घरं मिळतात, ते प्राण्यांच्या निवारा केंद्रातूनच परस्पर जातात. माझ्याकडे उरलेले येतात. एकाचे मागचे पाय लुळे, त्याचं ढुंगण सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याने धुवावं लागतं. एकीचे दात वाढून गालात घुसतात. काही तर असे आले, की त्यांनी जन्मात गवत पाहिलं नव्हतं. अशांना मरेपर्यंत सांभाळायचं, एवढंच इथलं काम.

हा उद्योग मांडला आमच्या ह्यांनी. मलमं आणि औषधं सशांवर करून बघायची एक कंपनी होती, तिथे ते पहारेकरी. कंपनी बंद पडली तेव्हा उरलेले ससे मारून टाकायचं ठरलं, तर हे त्यातले काही भाजीच्या क्रेटमध्ये घालून घरी घेऊन आले. मी म्हटलं, "घरात तोंडं कमी पडली का?" म्हणाले, "ह्यांचं कुणी नाही गं." मी म्हटलं, "आणि माझं कोण आहे?" म्हणाले, "मी आहे की." असा माणूस. त्याच्याशी धड भांडताही यायचं नाही.

चावरीला तीन घरांनी परत केलं. ती मला चावली, डॉक्टरीणबाईंना चावली, आणि एक वर्तमानपत्रवाला आला होता त्याला अशी चावली, की तो बातमी न लिहिताच गेला. वाकड्याला तेवढं तिने कधी दात लावला नाही. कानाच्या रोगाने त्याची मान डावीकडे कलंडली ती तशीच राहिली. चार पावलं चालला की डावीकडे कोसळायचा. चावरी एक दिवस त्याच्या डाव्या अंगाला जाऊन बसली, ती तिथलीच झाली. तो खायला वाकला की तिच्यावर टेकायचा. ती हलायची नाही. आधी त्याचं खाणं, मग तिचं.

आणि माझ्या चिरंजीवांनी कापडी ससा ठेवला होता तो तिच्या उजवीकडे ठेवायचा सोडून डावीकडे. म्हणजे इतकी वर्षं बघून याने काय बघितलं?

शेडमध्ये ह्यांनी घातलेला एक नियम आहे. जोडीतला एक मेला, की लगेच उचलायचा नाही. दुसरा त्याला हुंगतो, चाटतो, कान ओढून बघतो, रागाने पाय आपटतो. त्याला वेळ लागतो, तो द्यायचा. मग तो आपणहून पाठ फिरवतो आणि गवताकडे जातो. त्याने पाठ फिरवली की मगच आपण हात लावायचा. न दाखवता उचललं, तर राहिलेला शोधत बसतो, आणि शोधणारा ससा खात नाही. सशाचं पोट गिरणीसारखं. एकदा थांबलं की परत सुरू होणं कठीण. माझा मुलगा याच शेडमध्ये रांगला. हा नियम त्याला पाढ्यासारखा पाठ आहे.

सून दारात येऊन उभी राहिली. "आई, आधी बसा तरी. आत्ताच आलात."

"बसायला मी पाहुणी आहे का? वाकडा कुठाय?"

"काल दुपारी झटके यायला लागले त्याला. थांबेचनात. हे लगेच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाल्या, आता हाल करण्यात अर्थ नाही. सुई दिली."

सुईबद्दल माझं भांडण नाही. सोडवला त्याला, बरं केलं. मीही तेच केलं असतं.

"मग घरी का नाही आणला?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणाले, आईंना बघवणार नाही. आल्यावर हळूहळू सांगू."

"हळूहळू? तो तर एकदमच मेला ना? आणि ऑपरेशन माझ्या बहिणीच्या डोळ्याचं झालं. माझे धड आहेत."

मी चावरीच्या कप्प्यात वाकले. गवताची काडी हललेली नव्हती. लेंडी एक नव्हती. मी हात पुढे केला, म्हटलं चाव. चावली नाही.  ही बाई चावत नाही म्हणजे ही निघाली.

"कालपासून काही खाल्लंय हिने?"

सुनेने मानेनेच नाही म्हटलं. मग म्हणाली, "सारखी कोपऱ्याकोपऱ्यात जात होती. म्हणून ह्यांनी तो कापडी ससा आणून ठेवला. मोबाइलवर दाखवतात म्हणे, एकटे ससे त्याला टेकून बसतात."

मी पिशवीतले कपडे तिथेच बाकड्यावर ओतले आणि रिकामी पिशवी घेऊन दवाखान्यात गेले.

तिथे खिडकीशी एक तरुण माणूस बसलेला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आजी, एकदा बर्फाच्या पेटीत ठेवलं की परत देत नाही. आठवड्यातून एकदा गाडी येते, आज संध्याकाळी येईल, ती घेऊन जाते."

"गाडी आली का?"

"नाही अजून."

"मग तो अजून माझाच."

"अहो, पण मेलेला ससा नेऊन करणार काय तुम्ही?"

"लग्न झालंय का तुझं?"

"झालंय."

"मग घरी जाऊन बायकोला विचार, ती सांगेल काय करतात. आणि आता उठ, नाहीतर मी आत येते."

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या अंगठ्यावर चावरीच्या दातांची खूण अजून आहे. त्यांना मी सांगितलं, चावरी कालपासून उपाशी आहे. त्या एकदम थांबल्या.

"चावरीची जोडी होती याच्याशी? आजी, मी तुमच्या मुलाला विचारलं होतं. मागे जोडीदार आहे का, असेल तर दाखवायला घेऊन जा. ते म्हणाले, नाही. एकटाच होता म्हणाले."

एकटाच होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विसरला असता तर मी समजून घेतलं असतं, माणूस घाबरला की विसरतो. पण याला विचारलं होतं. याने जिवंत चावरीला पुसून टाकलं, तेही फिनेल न लागता.

त्यांनी स्वतः आत जाऊन वाकड्याला आणला. सुईची जागा पुसून दिली, कापडात गुंडाळला. "संध्याकाळपर्यंत तिने तोंड लावलं नाही तर आणा तिला इकडे. पण खरं सांगू का, आजी, ती नळीने भरवून घेणाऱ्यांतली नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "माझ्यासारखीच आहे."

वाकडा गोठून लाकूड झाला होता. पिशवीत नीट मावेना, कान बाहेर राहिले. टॅक्सीवाल्याने आरशातून दोनदा बघितलं आणि रेडिओ बंद केला.

असा थंडगार नेऊन ठेवून उपयोग नव्हता. गोठलेल्या अंगाला वास नसतो, आणि सशाला नाकानेच ओळख पटते. मी अंगणात उन्हाच्या पट्ट्यात चटई टाकली, त्याला टॉवेलात गुंडाळला. सून न सांगता गरम पाण्याच्या दोन पिशव्या भरून घेऊन आली.

"आई, एक मी धरते."

तिला मी आजवर तोंडावर कधी चांगलं म्हटलेलं नाही. आजही म्हटलं नाही. पण पिशवी धरू दिली. दोघी जणी मेलेला ससा मांडीवर घेऊन शेकत बसलो. शेजारीण कुंपणावरून डोकावली, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, माझा चेहरा बघितला आणि मिटून घेतलं.

ऊन सरकत होतं तशी चटई सरकवत होतो. मला ह्यांची आठवण येत होती म्हणणं बरोबर नाही, मला ह्यांच्या जाण्याचा राग येत होता. म्हणजे जाण्याचा नाही, झाकण्याचा. ते इस्पितळात होते. मी रोज जायची. शेवटच्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, तू दमलीयस, ही गोळी घे, जरा पड." मी गोळी घेतली. उठले तर सगळं आटोपलेलं. घरी आणलंच नव्हतं. त्यांचं अंथरूण धुऊन वाळत घातलेलं, खाटेवर नवी चादर, घरभर हाच फिनेलचा वास. लोक म्हणाले, किती गुणी मुलगा, आईला काही म्हणून झळ लागू दिली नाही. मी काय बोलणार? कितीतरी महिने फाटक वाजलं की मी उठून बघायची. कोण आलं, कोण आलं. शेजारीण म्हणायची, हिचं डोकं फिरलं.

वाकड्याचं अंग मऊ पडलं. टॉवेलाला त्याचा वास यायला लागला, गवताचा आणि कानात घालायच्या औषधाचा. मी त्याला शेडमध्ये नेलं. कापडी ससा उचलून बाहेर फेकला. वाकड्याला त्याच्या नेहमीच्या जागी निजवला, मान होती तशी डावीकडे.

चावरी कोपऱ्यातून हलली नाही. मग तिचं नाक हललं. पोट जमिनीला लावून, लांब होत होत ती जवळ आली. तोंड हुंगलं. डोळा चाटला. कान दातात धरून ओढला, सोडला, परत ओढला.

तेवढ्यात मुलगा ऑफिसातून आला. बूट घालूनच शेडमध्ये शिरला आणि कप्प्यासमोर थिजला.

"आई! हे काय करून ठेवलंस?"

"तू केलेलं निस्तरतेय. बूट काढ."

"अगं, मला वाटलं तुला त्रास नको—"

"तोंड बंद. ती बघतेय त्याच्याकडे."

चावरीने मागचा पाय आपटला. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज असा घुमला, की बाकीच्या कप्प्यांतल्या सशांनी कान टवकारले. परत आपटला. मग ती वाकड्याच्या अंगावरून चढून पलीकडे गेली आणि त्याच्या डाव्या अंगाला बसली, घट्ट, खांद्याला खांदा लावून. तो टेकणार म्हणून वाट बघत.

तो टेकला नाही.

मुलाने तोंड फिरवलं. मी त्याचं मनगट धरलं. माझ्या हातात अजून बळ आहे, क्रेट उचलते मी. "इकडे बघ. काल पळालास, आज बघ."

किती वेळ गेला सांगता येत नाही. शेडमधला दिवा सुनेने लावला. मुलाचं मनगट मी सोडलं तरी तो तिथेच उभा राहिला. आणि चावरी उठली. एकदा वाकड्याच्या कपाळावर हनुवटी घासली. मग पाठ फिरवली आणि गवताशी गेली. एक काडी ओढली. बराच वेळ ती काडी नुसती तोंडात धरून बसली. मग दात हलले. कुरकुर, कुरकुर. सुनेने हुंदका दिला आणि हसली, दोन्ही एकदम.

मी वाकड्याला उचललं, टॉवेलात गुंडाळून सुनेच्या हातात दिलं. बाहेर जाऊन कापडी ससा घेऊन आले. त्याच्या रिबिनीला माती लागली होती, ती झटकली. मुलगा नाक ओढत उभा होता, ग्लास फोडल्यावर उभा राहायचा तसाच.

"आई," तो म्हणाला, "मला नाही गं बघवत. बाबांच्या वेळीही नाही बघवलं."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," मी म्हणाले. "तू वाईट नाहीस. वाईट असतास तर बरं होतं, दोन शिव्या घालून मी मोकळी झाले असते. तू भित्रा आहेस. दुसऱ्याचं रडणं तुला सोसत नाही, म्हणून तू त्याला रडूच देत नाहीस, आणि वर लोकांकडून गुणी म्हणवून घेतोस. हा धर तुझा ससा. धुऊन, वाळवून, नीट ठेव. मी मेले की माझ्या खुर्चीत बसव. आणि चावरीने विचारलंच, तर तिला सांग, सगळं ठीक आहे."